चतकोराचे वाटेकरी



"पोसायची ऐपत नाही, तर पाळता कशाला?" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे ऐकलं असेल. जनावरांच्या दवाखान्यात ऐकलं असेल, चाळीच्या जिन्यावर ऐकलं असेल, भाड्याची खोली बघायला आलेल्या कुटुंबाला घरमालक सुनावताना ऐकलं असेल. वाक्य इतकं बिनतोड वाटतं की समोरचा माणूस मान खाली घालतो आणि कुशीतलं पिल्लू पदराआड करतो. आज मला या वाक्याविषयीच बोलायचं आहे. ते खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्यात निम्मं तथ्य आहे. पण ते नेहमी वरच्या पायरीवरून खालच्या पायरीकडेच फेकलं जातं, खालून वर कधी जात नाही, ही गोष्ट मला गेली कित्येक वर्षं टोचते आहे.

मी सोलापूरचा. गिरणी, माग आणि विडी या तीन गोष्टींवर जगणाऱ्या वस्तीत वाढलो. अब्बा गिरणीत होते, अम्मा घरी विड्या वळायची. घरात दखनी, गल्लीत तेलुगू आणि कन्नड, महापालिकेच्या शाळेत मराठी. पुढे बी.ए. झालो, कविता लिहू लागलो, ती मराठीतच सुचत गेली. त्या गल्लीत माणसं दाटीवाटीने राहायची आणि माणसांच्या दाटीत जनावरंही राहायची. शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या, मांजरं होती, उंबऱ्याबाहेर कुत्री होती. त्यांना 'पेट' म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही त्यांना जनावरच म्हणायचो. जनावर हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे, ज्याच्यात जान आहे तो. एवढा सुंदर शब्द आपण शिवी म्हणून वापरतो, याचं मला शब्दांचा धंदा करणारा माणूस म्हणून वाईट वाटतं.

तर या जान असलेल्यांचा हिशेब आमच्या घरात कसा चालायचा, ते सांगतो. शेळी आणि कोंबडी कमावती होती. शेळी दूध द्यायची, तिचं पिल्लू अडीनडीला विकता यायचं. मांजर निम्मं कमावतं होतं, कारण तंबाखूच्या पुड्या आणि ज्वारीचं पोतं उंदरांपासून राखायचं काम त्याच्याकडे होतं. कुत्रं मात्र गल्लीचं. रात्री अनोळखी माणूस आला की भुंकायचं, एवढीच त्याची नोकरी. शेवटची भाकरी थापली की दादी तिचा चतकोर बाजूला ठेवायची. भाकऱ्या मोजून होत असत, तरीही ठेवायची. तो चतकोर आमच्या ताटातून जायचा हे आम्हा भावंडांना स्पष्ट दिसत होतं आणि त्याबद्दल कोणी तक्रार केलेली मला आठवत नाही. तक्रार व्हायची ती चटणीच्या वाटणीवरून.

आमच्याकडे कुत्र्याला घरात घेत नाहीत. राखणीला, शिकारीला, गुराख्याच्या सोबतीला कुत्रा चालतो, हौसेने माजघरात ठेवू नये, त्याचं तोंड लागलेलं भांडं नीट धुऊन घ्यावं, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पण त्याच शिकवणुकीत एक गोष्ट होती, ती मौलवीसाहेब आणि दादी दोघंही सांगायची. एक माणूस उन्हात तहानेने व्याकूळ झाला. विहीर दिसली, आत उतरला, पाणी प्यायला, वर आला. बघतो तर एक कुत्रं तहानेने ओली माती चाटतंय. माणूस पुन्हा विहिरीत उतरला. भांडं नव्हतं, म्हणून पायातल्या चामडी मोज्यात पाणी भरलं, मोजा दातांत धरला आणि वर चढून कुत्र्याला पाजलं. एवढ्यावर अल्लाने त्याचे गुन्हे माफ केले. हदीसमधली ही गोष्ट मला आवडते ती तिच्या बारकाव्यामुळे. मोजा दातांत धरला, कारण चढायला दोन्ही हात लागत होते. त्या माणसाचा एक पैसा खर्च झाला नाही, पण त्याला विहीर दुसऱ्यांदा उतरावी लागली.

दुसरी गोष्ट मांजरीची आणि ती भीतीची आहे. एका बाईने मांजर बांधून ठेवली. तिला खायला दिलं नाही आणि सोडलंही नाही. सोडली असती तर तिने जमिनीवरचे किडेमकोडे खाऊन पोट भरलं असतं. मांजर उपाशी मेली आणि त्या बाईला नरकाची आग मिळाली. ही गोष्ट मी पन्नास वेळा ऐकली असेल, पण नीट कळली ती संसाराला लागल्यावर. त्यात बाई गरीब होती की श्रीमंत, हे सांगितलेलंच नाही. खायला घाल, नाहीतर सोड, असे दोन रस्ते तिच्यापुढे होते. तिने दोन्ही बंद केले. गुन्हा दोरीत होता.

आणि गंमत बघा, ज्यांनी सर्वाधिक हदीस सांगितले त्या साथीदाराचं नावच मुळी अबू हुरैरा, म्हणजे मांजरीच्या पिल्लाचा बाप. हे गृहस्थ मदिनेच्या मशिदीच्या ओट्यावर राहणाऱ्या निर्धन मंडळींपैकी होते. भुकेने पोटाला दगड बांधून बसल्याच्या त्यांच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. म्हणजे आमच्या परंपरेतला सगळ्यांत नामवंत मांजरवाला हा असा ऐपत नसलेला माणूस होता. त्यांना कोणी "पाळता कशाला?" असं विचारलं होतं की नाही, कोण जाणे.

हे सगळं वारकऱ्यांना नवीन नाही. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट महाराष्ट्राच्या पोरापोराला ठाऊक आहे. आमच्या गल्लीत ती मौलवीसाहेबांच्या गोष्टीइतकीच चालायची.

आता या गोष्टींवरून उठून जरा वर्तमानातल्या हिशेबाकडे येतो. हिशेब हा माझा प्रांत नव्हे, पण महिनाअखेर सगळ्यांनाच गणितज्ञ करते.

आमच्या वस्तीत पूर्वी जनावर आपोआप यायचं. आता ते विकत येतं. दोन हजारच्या दशकात एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचं एक छोटं कुत्रं पोरामागे धावताना दिसलं आणि गावोगावी त्याला मागणी आली. सोलापूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. पारा बेचाळीसच्या वर गेला की माणूस ओलं फडकं डोक्यावर ठेवतो. त्या उन्हात चपट्या नाकाचं, श्वास धड न घेता येणारं कुत्रं पत्र्याच्या खोलीत ठेवणं म्हणजे काय, हे विकणारा सांगत नाही. बोनस हातात आलेला असतो, पोराचा हट्ट असतो, एकदा दिलेली किंमत तेवढी डोळ्यांसमोर असते. कुत्रं बारा-तेरा वर्षं जगतं हे डोळ्यांसमोर नसतं. पहिलीतल्या मुलासाठी आणलेलं पिल्लू तो कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार आहे. त्या बारा वर्षांत एखादा कारखाना बंद पडेल, एखादं आजारपण येईल, एखादं लग्न निघेल. भाकरीचा खर्च मोठा नाही, गावठी कुत्रं घरच्या अन्नावर धडधाकट राहतं. खर्च दवाखान्याचा. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पार्व्हो वगैरे रोगांची एकत्र लस, ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा द्यायची. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, आणि मग ती ठरल्या वेळी देतच राहायची. मी आमच्या भागातल्या खाजगी दवाखान्यांत विचारलं तेव्हा रेबीजच्या एका इंजेक्शनला तीन-चारशे आणि एकत्र लशीला त्याच्या दुप्पट सांगितले. हजार विड्या वळून जी मजुरी हातात पडते, ती एका सुईलाही पुरत नाही. या भाषणाचं मानधन आलं की ते आमच्या घरच्या मांजरीच्या ऑपरेशनला जाणार आहे, हे मी आकाशवाणीच्या मंडळींना सांगितलेलं नाही. आता कळेलच.

म्हणून काही जण स्वस्तातला जीव शोधतात. गरिबाच्या दाराला टांगलेला पोपटाचा पिंजरा तुम्ही पाहिला असेल. त्याला रोज एक मिरची आणि मूठभर भिजवलेली डाळ लागते, दवाखाना नाही, परवाना नाही. परवान्याचं म्हणाल तर आपला रानातला पोपट पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे, पण ते पुष्कळांना माहीत नसतं. इतकं स्वस्त पाळणं दुसरं नाही. आणि माझ्या मते इतकं क्रूर पाळणंही दुसरं नाही, कारण पोपटाचा सगळा खर्च पोपटाने स्वतःच भरलेला असतो. कुत्रं-मांजर माणसाच्या दारात हजारो वर्षांपासून येतंय. पोपटाला कोणी विचारलं होतं?

दुसरीकडे, ज्यांना ऐपतीचा प्रश्न कोणी विचारत नाही, त्यांचंही थोडं बघू. आमच्या कॉलेजच्या रस्त्याला एक बंगला आहे. गच्चीवर एक लॅब्रॅडॉर कुत्रा बांधलेला असतो. मालक मंडळी दिवसभर बाहेर. संध्याकाळी वीस मिनिटं त्याला खाली आणतो तो रखवालदार. त्या रखवालदाराशी माझी ओळख आहे. तो म्हणाला, "सर, ह्याच्या खाण्याची पिशवी येते ना, तिच्या किमतीत माझ्या घरचा आठवड्याचा किराणा येतो." त्याच्या बोलण्यात मत्सर नव्हता. पुढे म्हणाला, "पण हा माझ्यासारखाच आहे, दिवसभर एका जागी." पिशवी विकत घेण्याची ऐपत आहे, पण अर्धा तास चालण्याची नाही. ही दुसरी ऐपत कोणत्याही दवाखान्याच्या खिडकीवर विचारली जात नाही.

आता जी गोष्ट सांगतो, तिच्यासाठीच खरं तर हा विषय निवडला.

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. पद्मशाली समाजातल्या, विडी कामगार. नवरा मागावर होता, दम्यामुळे आता घरी असतो. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांच्या मुलाने नाल्याकाठून एक पिल्लू उचलून आणलं. अक्का आधी ओरडल्या, मग त्यांनीच त्याला पोत्याचं अंथरूण केलं. विड्यांच्या सुपाजवळ ते झोपायचं. सूप हललं की डोळा उघडायचं. पंधरा-वीस दिवसांनी त्याला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण. मुलाने रिक्षातून एका खाजगी दवाखान्यात नेलं. पार्व्हो आहे, पाच दिवस सलाइन लावावं लागेल, साधारण पाच हजार धरा, असं सांगण्यात आलं. अक्का गप्प राहिल्या, तेव्हा टेबलामागच्या माणसाने ते वाक्य उच्चारलं. पोसायची ऐपत नाही, तर वगैरे.

मग आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. केसपेपर काढला. तिथले डॉक्टर चांगले होते, त्यांनी समजावून सांगितलं. या रोगाच्या विषाणूला मारणारं नेमकं औषध नाही. उलट्या थांबवायच्या, अंगातलं पाणी टिकवायचं, आणि पिल्लू तेवढ्यात स्वतः झुंजतं की नाही ते बघायचं. लस आधी दिली असती तर बहुधा ही वेळ आली नसती, पण नाल्याकाठच्या पिल्लाला लस कोण देणार? सलाइन सुरू झालं. काही औषधं बाहेरून आणावी लागली. रोज रिक्षा. तिसऱ्या दिवशी शीर सापडेना. डॉक्टरांनी अक्कांना बाजूला घेतलं आणि आशा कमी आहे म्हणाले. तोवर चौदाशे रुपये झाले होते. घरात पत्र्याच्या डब्यात मुलीच्या आयटीआय प्रवेशाचे पैसे होते आणि मुदतीला चार दिवस राहिले होते. मुलगा म्हणाला, डब्यातले घेऊ, नंतर बघू. बचत गटाचा हप्ता आधीच चालू होता. अक्का म्हणाल्या, नको.

पिल्लाला घरी आणलं. दुखणं कमी व्हावं म्हणून डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं होतं. पोत्यावर ठेवलं. अक्का रात्रभर सुपाशी बसून विड्या वळत होत्या आणि मधून मधून कापसाच्या बोळ्याने त्याचं तोंड ओलं करत होत्या. पहाटे ते गेलं. दोन दिवसांनी त्यांनी मला विचारलं, "भाई, पाप लागलं का हो मला?"

मी म्हणालो, नाही. आजही नाहीच म्हणेन आणि का ते सांगतो. आमच्या धर्मात हज आहे, कुर्बानी आहे, पण ती ऐपत असलेल्यावरच. कर्ज काढून कुर्बानी कर असं कोणी सांगत नाही. जिथे देवाचं देणंसुद्धा ऐपत बघून ठरतं, तिथे दवाखान्याचं बिल बघून का ठरू नये? पण तहानलेल्याला पाणी पाजण्याला ऐपतीची अट घातलेली मी कुठे वाचली नाही. तोंड ओलं करायला, दुखणं कमी करणारी एक सुई टोचून घ्यायला, मरेपर्यंत सुपाजवळची जागा द्यायला अक्कांनी कमी केलं नाही. मुलीचा प्रवेश मोडून सहावं सलाइन लावलं असतं, तर काही लोकांनी त्यांना मोठ्या मनाची म्हटलं असतं. मी म्हटलं नसतं. पैसा असलेल्याने आपल्या कुत्र्यावर लाख रुपये खर्च करावे, आनंद आहे. पण प्रेमाचं मोजमाप बिलाच्या आकड्यावरून करायचं ठरवलं, तर गरिबाला प्रेम करायची बंदीच होईल.

डॉक्टरांनी जाताना आणखी एक सांगितलं होतं, ते तुमच्याही उपयोगाचं आहे. हा विषाणू मातीत, फरशीत महिनोन् महिने टिकतो. जागा ब्लीचिंगने धुवा आणि लस न दिलेलं दुसरं पिल्लू इतक्यात आणू नका. मुलगा आठ दिवसांत दुसरं आणायला निघाला होता. अक्कांनी दार अडवलं.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. मालकाने पाळीव प्राण्याला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा त्यात गुन्हा आहे. उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणं हाही गुन्हा. आणि पहिल्या गुन्ह्याला शिक्षा? किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड. १९६० साली पन्नास रुपयांना वजन असेल. आज पन्नास रुपयांत आमच्या नाक्यावर दोन चहा आणि एक प्लेट भजी येतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, प्राण्यांपासून करोना होतो अशी अफवा उठली, आणि शहराबाहेरच्या रस्त्यांवर गळ्यात पट्टा असलेली कुत्री फिरताना दिसू लागली. ती काही विडी कामगारांची नव्हती. आमच्या गल्लीत पट्टा विकत घेत नाहीत. त्याच दिवसांत माग बंद होते, हॉटेलं बंद होती, खाटकाची दुकानं बंद होती, आणि आमची भाकरीवर वाढलेली कुत्री रेशनचा भात खायला शिकली. भात कोण घालत होतं, हे सांगायची गरज नाही.

गल्लीतल्या कुत्र्यांबद्दल अलीकडे मोठा वाद आहे. त्यांची नसबंदी करावी, लस टोचावी आणि जिथून नेलं तिथेच आणून सोडावं, असे केंद्राचे नियम २००१ साली आले, त्यांच्या जागी २०२३ साली नवे आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ तारखेला दिला आणि २२ तारखेला तो बदलला. पिसाळलेली आणि हल्लेखोर सोडून बाकीची नसबंदी-लसीकरण करून परत सोडा, त्यांना खायला ठरवून दिलेल्या जागीच घाला, असं झालं. वाहिन्यांवर दोन तट पडले. एकीकडे खायला घालणारे, दुसरीकडे चावा घेतलेले. आमच्या गल्लीत असे दोन तट पाडता येत नाहीत. इथे जो चतकोर टाकतो, त्याच्याच पोराच्या पोटरीला दात लागतात.

मी लहान असताना आमच्यातल्या एका मुलाला कुत्रं चावलं होतं. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. रोज त्याचे वडील त्याला सायकलवर सिव्हिलला न्यायचे आणि आम्ही पोरं कोपऱ्यावर उभी राहून मोजायचो, आज सातवं, आज आठवं. ती जुनी लस पुढे बंद झाली. आता दंडात चार-पाच टोचतात, सरकारी रुग्णालयात ती मिळतात. पण रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, हे तेव्हाइतकंच आजही खरं. जखम लगेच साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. हळद-मिरची भरत बसायचं नाही. म्हणून मी म्हणतो, हातात पाचशे रुपये असले तर ते बिस्किटांवर आणि पट्ट्यावर घालवू नका. पहिला हक्क लशीचा. मादी असेल तर दुसरा हक्क नसबंदीचा, कारण एका वेतात पाच-सहा पिल्लं होतात आणि एकाचा चतकोर सहा ठिकाणी वाटता येत नाही.

आमच्या गल्लीत आता तीन कुत्री आहेत आणि चौदा घरं. टाळेबंदीनंतर आम्ही एक वही घातली. महिन्याला घरटी दहा रुपये. वही बारावीतली एक मुलगी लिहिते. वर्षाला लशीपुरते पैसे निघतात, एखाद्या जखमेच्या औषधाचे निघतात. एकट्याला न झेपणारं चौदा घरांत झेपतं. ही कल्पना काही माझी नाही, चतकोर ठेवणाऱ्या दादीच्या पिढीचीच ती आहे. आम्ही फक्त त्यात इंजेक्शन घातलं. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, त्या दिवशी अनेक ठिकाणी लस फुकट टोचतात. त्या वर्षीचे पैसे मग वाचतात.

पण वहीची गोष्ट सरळ नाही. मागच्या वर्षी आमच्यातल्या एका घरातल्या सुनेने पैसे द्यायला नकार दिला. तिचा नवरा मागावर, काम आठवड्यातून चारच दिवस. ती दारात उभी राहून मला म्हणाली, "चाचा, पोराचं दूध मी अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आणलंय. आणि तुम्ही कुत्र्याचे दहा रुपये मागायला आलात?" तिच्या कडेवर ते पोर होतं. कोणी म्हणेल, दहाच तर रुपये. दहा रुपये म्हणजे किती, हे ज्याचे त्याने ठरवायचं असतं आणि तिचं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे. तिचं म्हणणं बरोबर होतं. मी तिला नामदेवांची गोष्ट सांगितली नाही, विहिरीची तर नाहीच. वही लिहिणाऱ्या मुलीला तिच्या घरापुढे रेघ मारायला सांगितलं आणि यापुढे कोणी त्या घरी मागायला जाऊ नये असं ठरलं. एक-दोघांनी कुरकुर केली, मग आम्हीही का द्यायचे म्हणाले. त्यातल्या एकाने दोन महिने दिले नाहीत, नंतर स्वतःच आणून दिले.

वहीत त्या घरापुढे अजून रेघ आहे. पण आमची तांबडी कुत्री दुपारी त्याच घराच्या उंबऱ्याशी पडून असते, कारण तिथे भाकरी उशिरा होते आणि करपलेली बाहेर येते. येत्या २८ सप्टेंबरला तिला टोचून आणायचं आहे. दवाखाना सकाळी उघडतो. तिला पकडून रिक्षात बसवायचं काम याही वेळी अक्कांच्या मुलाकडेच आहे, कारण दुसऱ्या कोणाच्या हाताला ती येत नाही.